आईने आठवडाभर कानांनी सिनेमे बघितले, त्यावरून सुचलेलं

कानसेन_नवखा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या डोळ्याने तिला आधीच फारसं दिसत नाही, त्यामुळे आठवडाभर टीव्ही बंद असं घरात ठरलं होतं. पण ती कुठली ऐकायला! म्हणाली तू लाव सिनेमा, मी डोळे मिटून पडते, अडलं की विचारेन. मला वाटलं झालं, आता दर दोन मिनिटांनी कोण आलं, कोण गेलं, कोणी कोणाला काय केलं सांगत बसायचं. पण काही सिनेमांत मला तोंडच उघडावं लागलं नाही.

एका थ्रिलरमध्ये बाई घरात एकटी, फोनवर बोलतेय, साधासुधा सीन. आई मधेच म्हणाली, "हिचं मागचं दार उघडं राहिलंय." मी म्हटलं दार दिसतच नाहीये गं. ती म्हणाली, "मग रातकिडे एवढे जवळ कसे आले?" मागे नेऊन परत ऐकलं तर खरंच की, फोन चालू असताना रातकिड्यांचा आवाज हळूच वाढलेला होता. मी आधी दोनदा बघितलाय हा सिनेमा, मला कधी ऐकूच आलं नव्हतं. पुढे दहा मिनिटांनी तो माणूस त्याच दाराने आत येतो.

उलट एका जुन्या सिनेमाला मात्र ती जाम वैतागली. "हे शेतात आहेत का खोलीत आहेत? सगळे एकाच डब्यात तोंड घालून बोलतायत." आता त्या सीनमध्ये हिरो डोंगरावर उभा राहून ओरडत होता!

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. आपण म्हणतो सिनेमा 'बघितला', पण अर्धा तर आपण ऐकत असतो आणि त्याचं श्रेय सगळं कॅमेऱ्याला जातं. गाणी नकोत इथे, गाण्यांवर ढीगभर धागे आहेत. पावलं, दारं, पंखे, वारा, शांतता, पार्श्वसंगीत, आवाजाने एखाद्या सीनचा अर्थच बदलला असं काही तुम्हाला आठवतं का?

---

गोंधळी

आईंना माझा साष्टांग नमस्कार. रातकिड्यांवरून दार ओळखणारी बाई घरात असताना तुम्ही लहानपणी रात्री उशिरा कसे काय घरात शिरायचात?

---

कानसेन_नवखा

नाही शिरायचो 😀

---

मिक्सरवाला

खास या धाग्यासाठी पासवर्ड शोधून लॉगिन केलंय. माझं पोट याच धंद्यावर आहे, साउंड एडिटिंग आणि मिक्सिंग, त्यामुळे लांबण लागली तर लागली.

तुमच्या आईंचा 'एका डब्यात' हा शेरा शंभर टक्के बरोबर आहे, आणि त्याचं कारण फार साधं आहे, ते सगळे खरोखरच एका डब्यात उभे होते. डबिंगच्या. आपल्याकडे कित्येक दशकं शूटिंगच्या वेळचा आवाज फक्त पायलट म्हणून घ्यायचे, म्हणजे नंतर डबिंग करताना नटाला ओठ जुळवायला आधार म्हणून. कॅमेरेच इतके खडखड करायचे की तो आवाज वापरायची सोय नव्हती, त्यात सेटवर गलका. मग सहा महिन्यांनी नट स्टुडिओत येऊन स्क्रीनवर स्वतःचे ओठ बघत तेच वाक्य परत बोलणार, जाड गाद्या लावलेल्या खोलीत, माईकपासून वीतभर अंतरावर. डोंगरावर ओरडणारा माणूस लांबून ओरडतो, त्याचा आवाज वाऱ्यात फाटतो, डोंगरावरून परत येतो. स्टुडिओत ते काही होत नाही. नंतर मशीनने प्रतिध्वनी चिकटवता येतो, पण ओरडताना पोटातून जो जोर लागतो तो कुठून आणणार? नट चहाचा कप बाजूला ठेवून ओरडलेला असतो, ते कळतंच.

नंतर सिंक साउंड आला, म्हणजे शूटिंगच्या जागेवरचाच आवाज वापरायचा. हिंदीत २००१ च्या 'लगान'ने ते मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं आणि मग बाकीच्यांनाही धीर आला. पण सिंक म्हटला की आवाज आपोआप खरा, हाही एक गैरसमजच. जागेवर माईकचं लक्ष फक्त संवादावर असतं. पावलं, कपड्यांची सळसळ, भांडं ठेवल्याचा आवाज हे त्यातसुद्धा बऱ्याचदा नंतर परत करतात.

त्याला फॉली म्हणतात. जॅक फॉली नावाचा माणूस होता युनिव्हर्सल स्टुडिओत, बोलपट नवे होते तेव्हा तो पडद्याकडे बघत बघत पावलांचे वगैरे आवाज करायचा, त्याचंच नाव त्या कामाला पडलं. फॉली करणाऱ्याच्या खोलीत गेलात तर भंगारवाल्याकडे आल्यासारखं वाटेल. वीस-पंचवीस जोड चपलाबूट, वेगवेगळ्या फरशांचे चौकोन, वाळूची पेटी, मोडकी दारं, एक गंजलेली सायकल. बर्फातली पावलं हवीत? कॉर्नफ्लोअरची पिशवी दाबायची. हाड मोडायचंय? सेलरीची जुडी पिळायची. पक्ष्याने पंख फडफडवले? चामड्याचे हातमोजे एकमेकांवर आपटायचे. खरा बर्फ रेकॉर्ड केला तर तो बऱ्याचदा नुसता खरखर करतो, बर्फ वाटतच नाही.

आता मुद्दा. यात नुसती नक्कल नसते. एकदा एका डायरेक्टरने मला सांगितलं, "याचे बूट जरा उधारीचे वाटू दे." मी म्हटलं म्हणजे? तो म्हणाला सूट घातलाय पण बूट त्याचे नाहीत, मापात बसत नाहीत. आम्ही फॉलीवाल्याला एक नंबर मोठे बूट घालून चालायला लावलं, टाच प्रत्येक पावलाला किंचित उशिरा पडते. स्क्रीनवर पाय दिसतसुद्धा नाहीत त्या सीनमध्ये. पण तो माणूस खोटा आहे हे तुम्हाला तिथेच वाटायला लागतं आणि का वाटतंय ते सांगता येत नाही.

---

रेवा_

बाप रे, उधारीचे बूट! मिक्सरवाला दादा, हा प्रतिसाद सेव्ह करून ठेवला.

मला पहिलं आठवलं ते 'सैराट'. ज्यांनी बघितला नाही (कोणी उरलंय का?) त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडा.

आख्खा सिनेमा आवाजाने ओसंडून वाहतोय, अमेरिकेत जाऊन मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलेलं संगीत, थिएटरात लोक उठून नाचले. आणि शेवट? ते लहान बाळ रक्ताची पावलं उमटवत चालत बाहेर येतं आणि आवाज नाही. रडतंय, तोंड उघडलेलं दिसतंय, आवाज नाही. मी बघितला तेव्हा थिएटरात मागे कोणीतरी शिट्टी मारायच्या बेतात होतं बहुतेक, तो पण गप्प. तिथे एक व्हायोलिन जरी लावलं असतं ना तरी आपण रडून मोकळे झालो असतो. दिग्दर्शकाने मोकळं होऊ दिलं नाही.

आणि त्याच दिग्दर्शकाचा आधीचा 'फँड्री', २०१३ चा. डुक्कर पकडायची धावपळ चाललीय, आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या, म्हणजे सिनेमातला पोरगा, आणि त्याच्या घरचे सगळे जागच्या जागी ताठ उभे. डुक्कर मात्र निघून जातं, त्याला कुठलं राष्ट्रगीत. एक संवाद नाही. शाळा त्या क्षणी समोर नाही, फक्त तिचा आवाज भिंत ओलांडून येतोय आणि ज्या पोराला त्या शाळेत काय वागणूक मिळते ते आपण बघितलंय त्याला जागीच गोठवतोय. मला तर हसावं का काय करावं तेच कळेना.

---

ठोकळा

एवढा विचार कोणी करत नाही हो. डायरेक्टरला सुचलं त्याने केलं, लोकांना आवडलं. सामान्य प्रेक्षकाला दणदणीत बीजीएम (पार्श्वसंगीत) लागतं, बाकी रातकिडे आणि बूट हे तुम्हा चार लोकांचं कौतुक. संगीत काढून टाका मग बघू कोण बसतंय अडीच तास.

---

जुनीखोड

ठोकळा, संगीत काढून टाकलेलं आहे हो, आणि लोक बसलेही होते. १९३७ साली. शांतारामबापूंचा 'कुंकू'. पार्श्वसंगीत नावाला नाही, जे ऐकू येतं ते सगळं त्या घरात, त्या रस्त्यावर खरोखर वाजू शकेल असंच. गाणी आहेत, पण तीसुद्धा कोणीतरी खरंच म्हणतंय अशी. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेली मुलगी, त्या घरात ते भिंतीवरचं घड्याळ, आणि तिच्या बाजूने रडायला एकही सारंगी नाही. बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती तेव्हा! आज कोणा निर्मात्याला सांगा पार्श्वसंगीत नको म्हणून, तो तुमच्या तब्येतीची चौकशी करेल.

त्या सहा वर्षांची मजा तर वेगळीच. १९३१ चा 'आलम आरा' बराचसा रात्री एक ते चारच्या दरम्यान शूट केला कारण स्टुडिओच्या शेजारून आगगाड्या जायच्या, दिवसा बोलायची सोयच नाही. माईक झाडात, फुलदाणीत, पडद्यामागे लपवायचे. नट माईकच्या दिशेने तोंड करून बोलणार, त्यामुळे सगळे उभे कसे, कवायतीला आल्यासारखे. आवाज आला आणि सिनेमा काही वर्षं जागेवर खिळला तो असा.

आणि हे होणार हे तिकडे रशियात तिघा दिग्दर्शकांनी आधीच सांगून ठेवलं होतं. आयझेन्स्टाइन, पुदोव्हकिन आणि अलेक्झांड्रॉव्ह, १९२८ सालचं निवेदन आहे. ते म्हणाले की आवाज जर नुसता चित्राला चिकटवला, ओठ हलले की शब्द आणि दार दिसलं की कर्र, तर संकलनाची सगळी ताकद मरेल. आवाज चित्राच्या विरोधात वापरा, दोघांची टक्कर होऊ द्या. गंमत म्हणजे तेव्हा त्यांच्याकडे बोलपट काढायची सामग्रीसुद्धा धड नव्हती.

अवांतर: मी 'एम' बद्दल लिहिणार होतो, पण नातू लॅपटॉप मागतोय. रात्री येतो.

---

टिकटिक

ठोकळाशी अर्धी सहमत. संगीत कमी लेखू नका. 'सायको'च्या बाथरूममधल्या खुनाच्या सीनला हिचकॉकला संगीत नकोच होतं, नुसता पाण्याचा आवाज हवा होता. संगीतकार बर्नार्ड हरमनने तरीही लिहिलं, फक्त तंतुवाद्यं वापरून, आणि ऐकल्यावर हिचकॉकने मान्य केलं. आता तो सीन म्युट करून बघा. सुरी कुठेच लागताना नीट दिसत नाही. सगळे वार त्या व्हायोलिननेच केलेत.

---

रेवा_

हो, पण तोच हिचकॉक आणि तोच हरमन, तीनच वर्षांनी 'द बर्ड्स' मध्ये नेहमीचं पार्श्वसंगीत ठेवतच नाहीत. हरमनचं नाव त्यात आवाजाचा सल्लागार म्हणून आहे. पक्ष्यांचे बरेचसे आवाज ऑस्कर साला नावाच्या माणसाने ट्राउटोनियम नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर काढलेत. म्हणजे ते संगीत आहे का आवाज आहे ते ठरवताच येत नाही. आणि मला तर तो सीन 'सायको'पेक्षा जास्त भीतीदायक वाटतो जिथे माणसं घरात बंद करून बसलीत, पक्षी दिसत नाहीत, नुसते बाहेरून ऐकू येतायत.

---

ठोकळा

बरं मग 'जॉज'चं काय? ते दोन सूर काढा, उरतो रबराचा मासा.

---

मिक्सरवाला

चला, ठोकळा स्वतःच खोलात आले.

ते दोन सूर म्हणजे नुसती भीती दाखवणं नव्हे, तो एक करार आहे. शार्क असेल तेव्हा धून वाजते. मधे दोन पोरं शार्कच्या पाठीवर असतो तसा पुठ्ठ्याचा खोटा पर लावून पाण्यात लोकांना घाबरवतात, तेव्हा धून वाजत नाही. म्हणजे पडद्यावर पर दिसतोय, लोक किंचाळतायत, पण संगीत गप्प, कारण संगीत खोटं बोलत नाही. तुमचा कान हे शिकतो, तुमच्या नकळत शिकतो. आणि मग एकदा तो पोलीसवाला बोटीच्या कडेला उभा राहून पाण्यात आमिष टाकतोय, वैतागून काहीतरी बोलतोय, धून नाही, आणि शार्क धप्पकन तोंड वर काढतो. करार मोडला! थिएटरात लोक खुर्चीतून उडाले ते माशाला बघून नाही, आधीच्या तासाभरात कानाला जो भरवसा दिला होता तो मोडला म्हणून.

तर संगीत विरुद्ध आवाज असं भांडणच नाहीये. माझ्या मते प्रश्न एवढाच, की ते तुम्हाला काहीतरी *सांगतंय* का तुम्हाला *शोधायला* लावतंय. रडायच्या सीनला रडकं व्हायोलिन म्हणजे सांगणं. आईंच्या रातकिड्यांनी शोधायला लावलं. मला पगार दोन्हीचे मिळतात, पण झोप दुसऱ्यात चांगली लागते.

---

ठोकळा

पुठ्ठ्याच्या पराचं माहीत नव्हतं. परत बघतो. बाकी माझं मत तेच.

---

जुनीखोड

आलो. नातू झोपला.

'एम', १९३१, फ्रिट्झ लांगचा पहिला बोलपट. लहान मुलांचा खुनी शहरात फिरतोय. सुरुवातीला तो आपल्याला दिसतो तो फक्त सावली म्हणून, आणि ऐकू येतो तो शिट्टीवरून. ग्रीग नावाच्या संगीतकाराची एक धून तो शिट्टीवर वाजवत असतो. खुनी झालेल्या पीटर लोरेला म्हणे शिट्टी वाजवता येत नव्हती, ती लांगने स्वतः वाजवलीय. त्यानंतर शिट्टी ऐकली की आपल्या पोटात गोळा, माणूस दिसो न दिसो. आणि त्याला ओळखतो कोण? फुगे विकणारा आंधळा! सगळं पोलीस खातं डोळे लावून बसलंय आणि खुनी सापडतो तो ज्याला डोळेच नाहीत त्याला. कानसेन, तुमच्या मातोश्रींना सांगा.

दुसरं, ऋत्विक घटकांचा 'मेघे ढाका तारा', १९६०. घर चालवणारी थोरली मुलगी नीता. ज्याच्यावर तिचा जीव आहे त्याच्या खोलीवर जाते, आणि तिला कळतं की आत तिचीच बहीण आहे. ती जिना उतरतेय. चेहऱ्यावर कॅमेरा. आणि कानावर चाबकाचे फटकारे. चाबूक कुठेच नाही त्या सीनमध्ये, असायचं कारणही नाही. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा वाटलं फिल्ममध्ये बिघाड झालाय. दुसरा फटका बसला तेव्हा खुर्चीत आवळून बसलो. ठोकळासाहेब, हे ना संगीत ना खरा आवाज, हे तिच्या आतलं आहे.

आणि त्याच बंगालीत पाच वर्षं आधी, सत्यजित रायांचा 'पथेर पांचाली'. मुलगी गेलीय, बाप परगावाहून परत येतो, तिच्यासाठी साडी आणलीय, उत्साहाने दाखवतोय. आई साडी तोंडात धरते आणि कोसळते. तिचा हंबरडा आपल्याला ऐकूच येत नाही, त्या जागी तारशहनाई या तंतुवाद्याचा उंच सूर. म्हणजे बघा, घटकांनी शांत चेहऱ्यावर फटके घातले आणि रायांनी उघड्या तोंडातला आक्रोश काढून घेतला. दोघांनी जे दिसतंय तेच ऐकवायला नकार दिला. त्या तिघा रशियनांना हेच म्हणायचं होतं की नाही?

---

कानसेन_नवखा

जुनीखोड काका, धाग्याचं सार्थक झालं. आईला फुगेवाल्याचं सांगितलं तर म्हणाली, "त्यात काय विशेष, आपण नाही का जिन्यावरच्या चपलांवरून ओळखत कोण येतंय."

---

शांताबाई_नव्हे

वाचतेय. सगळ्यांनी छान लिहिलंय. एक सामान्य माणसाचा प्रश्न विचारू का, रागावू नका. घरी सिनेमा बघताना संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा तर पुढच्या मिनिटाला गाडी फुटते आणि अख्खं घर जागं होतं. रिमोट हातातून सोडता येत नाही. हे मुद्दाम करतात का?

---

मिक्सरवाला

नाही हो ताई, रागावतो कशाला, हा प्रश्न मला सख्खे नातेवाईकही विचारतात आणि वर मलाच जबाबदार धरतात.

सिनेमाचं मिक्सिंग मोठ्या थिएटरसाठी होतं. तिथे संवाद मुख्यतः पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात, संगीत आणि इफेक्ट दोन्ही बाजूंनी आणि मागून, आणि धडाम-धुडुमसाठी वेगळा सबवूफर. शिवाय थिएटरातला आवाज एका ठरावीक पातळीला लावलेला असतो, ८५ डेसिबल हे त्याचं प्रमाण, त्यामुळे कुजबुज आणि स्फोट यांच्यात भरपूर अंतर ठेवता येतं. आता तेच सगळं तुमच्या टीव्हीच्या पाठीमागे लावलेल्या दोन बारक्या स्पीकरमध्ये कोंबलं की मधल्या स्पीकरमधला माणूस गर्दीत हरवतो. घरासाठी वेगळं मिक्स करतात, पण ते किती मन लावून केलंय ते वेळ आणि पैशावर असतं. तोपर्यंत टीव्हीच्या सेटिंगमध्ये ५.१ (म्हणजे सहा स्पीकरसाठीचा आवाज) असेल तर स्टिरिओ करा, आणि नाइट मोड किंवा संवाद स्पष्ट करणारा पर्याय असेल तर तो चालू करा. बराच फरक पडतो.

अजून एक, हल्लीचे नट पुटपुटतात. ते मात्र आमच्या हातात नाही.

---

शांताबाई_नव्हे

केलं. पडला फरक. आता नवऱ्याचं पुटपुटणं स्पष्ट करणारा पर्याय कुठे असतो?

---

टिकटिक

😂😂

परत विषयावर येते. मला 'द कॉन्व्हर्सेशन' सांगायचाच होता, १९७४ चा, कोपोलाचा. स्पॉयलर आहे, मोठा आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मुद्दाच सांगता येत नाही.

एक चोरून ऐकणारा माणूस, त्याचा धंदाच तो. बागेत फिरणाऱ्या एका जोडप्याचं बोलणं तो टेप करतो. गर्दी, वाद्यं, खरखर, त्यातून एकेक थर साफ करत त्याला एक वाक्य मिळतं, संधी मिळाली तर तो आपल्याला मारून टाकेल, अशा अर्थाचं. त्याला वाटतं हे दोघं बिचारे, यांचा जीव धोक्यात आहे. आख्खा सिनेमा तो आणि आपण तेच वाक्य परत परत ऐकतो. आणि शेवटी कळतं की मारणारे तेच दोघं होते.

आता गंमत. मराठीत सांगायचं तर पहिल्यांदा ते वाक्य आपण असं ऐकतो: "संधी मिळाली तर तो आपल्याला मारूनच टाकेल." आणि शेवटी: "संधी मिळाली तर तो आपल्यालाच मारेल." म्हणजे, मग आपण आधी त्याला का मारू नये. मराठीत आपण तो 'च' उचलून दुसऱ्या शब्दाला लावतो आणि काम होतं. इंग्रजीत शब्द तेच राहतात, फक्त जोर सरकतो. वॉल्टर मर्च, ज्याने त्याचा आवाज केला, त्याने शेवटी नटाने वेगळा जोर देऊन म्हटलेलं दुसरं रेकॉर्डिंग लावलंय. टेप तीच असायला हवी, खरं तर. पण गोष्टीत ती टेप बदलली नाहीये, ऐकणारा बदललाय.

मी पहिल्यांदा सबटायटल लावून बघितला आणि मला काही कळलंच नाही! सबटायटल दोन्हीकडे तेच. कानाने वाचायचं वाक्य मी डोळ्यांनी वाचत बसले होते.

---

रेवा_

'च' चं भारीच. म्हणजे हा सिनेमा मराठीत डब करायचा झाला तर भाषांतरकाराने पहिल्याच मिनिटाला खुनी सांगून टाकायचा!

---

मिक्सरवाला

किंवा 'च' शिवाय लिहायचं आणि नटावर सोडायचं. पण हो, अवघड आहे, आपला कान 'च' शोधतोच.

मर्चचं नाव निघालंच आहे तर दोन ओळी. 'गॉडफादर'मध्ये मायकल हॉटेलात दोघांना गोळ्या घालायच्या आधी टेबलाशी बसलाय, समोरचा इटालियनमध्ये काहीतरी बोलतोय आणि आगगाडीचा कर्कश खडखडाट वाढत वाढत जातो. गाडी दिसत नाही, हॉटेलाजवळ रूळ असल्याचं आधी कोणी सांगितलेलं नाही. संगीत एक सूरही नाही. संगीत कधी सुरू होतं? गोळ्या घालून, पिस्तूल टाकून तो बाहेर पडतो तेव्हा. म्हणजे तो निर्णय घेत असताना आपल्याला त्याच्या डोक्यातल्या कलकलाटाबरोबर एकटं सोडलंय. आम्ही शिकत असताना हा सीन इतक्या वेळा ऐकलाय की खरी लोकल ब्रेक मारते तेव्हा मला अजून कोणीतरी मरणार असं वाटतं.

---

रेवा_

नवीनपैकी एक सांगून थांबते. 'द झोन ऑफ इंटरेस्ट', २०२३ चा, आवाजासाठी ऑस्कर मिळालं त्याला. आउश्विट्झच्या छळछावणीला लागूनच तिथल्या प्रमुखाचं घर. बाग, पोरं, फुलं, पाहुणे. भिंतीपलीकडचा छळ दाखवत नाहीत, एकदाही नाही. फक्त ऐकू येतं. सतत एक घरघर, मधेच लांबून ओरडणं, गोळी, कुत्रे. घरातले कोणी मान वळवत नाहीत. मी पहिली वीस मिनिटं दचकत होते आणि मग मला लक्षात आलं की मी पण दचकायची थांबलेय. सवय झाली मला. त्या वेळी जी शरम वाटली ना, ती कुठल्याच दृश्याने वाटली नसती.

---

जुनीखोड

यावर काही लिहिता येत नाही. बघतो.

---

गोंधळी

बराच वेळ गप्प बसून वाचलं. एक शंका. सीनमध्ये 'काहीच आवाज नाही' असं असतं तेव्हा मिक्सरवाले साहेब घरी जातात का?

---

मिक्सरवाला

उलट तेव्हा ओव्हरटाइम. पूर्ण शून्य आवाज ठेवला तर प्रेक्षकाला वाटतं मशीन बंद पडलं, मागे वळून बघतात. म्हणून शूटिंगच्या जागेवर सगळ्यांना अर्धा-एक मिनिट पुतळ्यासारखं उभं करून नुसती ती खोली रेकॉर्ड करतात, रूम टोन म्हणतात त्याला. चाळीस माणसं श्वास रोखून उभी आणि नेमकं तेव्हाच कोणाचं तरी पोट गुरगुरतं. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, एका खोलीची दुसरीला चालत नाही, लगेच कळतं. रेवाताईंनी सांगितलेल्या 'सैराट'च्या शेवटी जे केलंय ते म्हणूनच धाडसाचं, तिथे मागे वळून बघायचं कोणाला सुचत नाही.

---

कानसेन_नवखा

मंडळी, अपडेट. कालपासून आईला टीव्हीची परवानगी मिळाली. सगळ्यात आधी काय लावायला सांगितलं असेल? तोच रातकिड्यांचा थ्रिलर, "आता बघूनच घेते" म्हणाली.

दाराचा सीन आला, तिने बोट करून दाखवलं, हं, इथे. मग तो खुनी आत आला, त्याच्या तोंडावर उजेड पडला आणि आई एकदम हिरमुसली.

"हा? एवढासाच? मी ऐकला तो चांगला दांडगा होता."

अर्ध्या तासाने उठून स्वयंपाकघरात गेली, म्हणाली तू आवाज ठेव तेवढा, मी इथून बघते.

---

गोंधळी

मिक्सरवाले, फॉलीवाल्याने एक नंबर मोठे बूट घातले होते का तेवढं विचारून सांगा.